फी मुलीसाठी भरली, वसूल मी केली

पेशीच्या विज्ञानाचा हा ऑनलाइन क्लास मी माझ्यासाठी लावलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मुलगी एमबीबीएसला लागली आणि महिना-दीड महिन्यात तिचा हॉस्टेलवरून फोन आला, "बाबा, बायोकेमिस्ट्री डोक्यावरून चाललीय. ॲनाटॉमी निदान हातात तरी येते. हे काहीच दिसत नाही." तिच्या रूममेटने एक ऑनलाइन क्लास सांगितला होता. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी, फक्त सेल बायॉलॉजी आणि मॉलिक्युलर बायॉलॉजी. पुण्यातल्या एक निवृत्त प्राध्यापिका घेतात. १६ रविवार, सकाळी ८ ते १०, फी ६,५०० रुपये. मी पैसे पाठवून मोकळा झालो. मग कळलं की एका लॉगिनवर दोन मोबाइल चालतात. म्हटलं, पैसे भरलेत तर बघू तरी काय शिकवतात. दुसरा मोबाइल माझा.

क्लासचं नाव लिहीत नाही, कारण मॅडमनीच पहिल्या दिवशी बजावलं होतं, "नाव गावभर करू नका, ४० च्या वर मुलं मला झेपत नाहीत." ज्याला हवा त्याला सीनियर मुलांकडून पत्ता लागतोच.

माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मंगळवेढ्यात फॅमिली डॉक्टर. १९९२ ची ॲडमिशन. आमच्या वेळी बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकातली शेवटची प्रकरणं, म्हणजे डीएनए, आरएनए आणि पुढचं सगळं, सरळ ऑप्शनला टाकायची पद्धत होती. युरिया सायकल आणि क्रेब्स सायकल डोळे मिटून काढता आली की माणूस पास. मी दवाखाना टाकल्यावर, २००० साली, मानवी जिनोमचा पहिला मसुदा जाहीर झाला. ती बातमी मी पेपरात वाचली आणि बाहेर बसलेल्या पेशंटला समजली तेवढीच मला समजली.

पहिल्या रविवारी मला वाटलं होतं, पेशीची आकृती येणार. मधे केंद्रक, बाजूला तंतुकणिका, आठवीच्या पुस्तकासारखी. मॅडमनी कॅमेऱ्यासमोर जुलाबावरच्या ओआरएसचं पाकीट धरलं. विचारलं, "यात काय आहे?" मुलांनी चॅटमध्ये भराभर लिहिलं: मीठ, साखर. "साखर कशाला? चवीला?" इथे चॅट थांबलं. खरं सांगायचं तर मीही थांबलो. साखरेने ताकद येते, हे उत्तर मी २५ वर्षं पेशंटना देत आलोय.

पुढचा दीड तास त्या एका प्रश्नावर गेला, आणि तो या क्लासचा सगळ्यात उत्तम दीड तास. आतड्याच्या पेशीच्या पोकळीकडच्या बाजूला सोडियम घ्यायची अनेक दारं असतात. त्यातलं एक दार असं आहे की ते एकट्या सोडियमला उघडत नाही, एकट्या ग्लुकोजलाही उघडत नाही. दोघं बरोबर आले की दोघांना आत घेतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. कॉलऱ्याचं विष पेशीत शिरतं ते भलत्याच ठिकाणी. पेशीत 'जी प्रोटीन' नावाचं एक बटण असतं. चालू झालं की थोड्या वेळाने ते आपोआप बंद व्हायला हवं. विष त्याची बंद व्हायची सोय मोडतं. बटण चालूच राहतं, सायक्लिक एएमपी नावाचा पेशीतला निरोप्या साठत जातो, क्लोराइडचा नळ उघडा पडतो आणि माणूस भाताच्या पेजेसारखे जुलाब करत सुकत जातो. एवढं सगळं बिघडलेलं असताना सोडियम-ग्लुकोजचं ते जोडीचं दार मात्र शाबूत असतं. विषाचा हात तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणून तोंडाने दिलेलं पाणी लागू पडतं. साखर त्या दाराची किल्ली आहे. ताकदीचा काही संबंध नाही.

मग मॅडमनी आकडे लिहिले. २००२ पासूनच्या सुधारित पाकिटात लिटरला सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल, एकूण तीव्रता २४५. एका मुलाने विचारलं, साखर दुप्पट टाकली तर दुप्पट फायदा होईल का? उलट होईल. आतड्यात साखर जास्त झाली की ती पाणी बाहेर खेचते आणि जुलाब वाढतात. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्याकडच्या आया आल्या. पोरगं पीत नाही म्हणून ग्लासात आणखी दोन चमचे साखर ढवळणाऱ्या. मी त्यांना कधी अडवलं नव्हतं. आता अडवतो, आणि घरी करायचं असेल तर कागदावर लिहून देतो: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट ६ चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, आणि वर आपलं डोकं चालवायचं नाही.

दिलीप महालनबीस या डॉक्टरांची गोष्टही तिथेच आली. १९७१, बांगलादेशातून आलेले निर्वासित, बनगावची छावणी, सलाईनच्या बाटल्या संपलेल्या. त्यांनी पिंपात मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्या हाती दिलं. ३० टक्क्यांच्या घरात गेलेला मृत्यूचा आकडा त्यांच्या छावणीत ३.६ टक्क्यांवर आला. त्याआधी १९५९ मध्ये कलकत्त्यात शंभुनाथ डे यांनी कॉलऱ्याचे जंतू गाळून काढलेल्या द्रवातही विष असतं हे दाखवलं होतं. दोघंही बंगालचे, आणि आम्हाला कॉलेजात दोघांचीही नावं कुणी सांगितली नाहीत. पंढरपूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. आषाढीला मी दरवर्षी दिंड्यांच्या तळावर दोन दिवस बसतो. तिथे जुलाबाचा प्रत्येक वारकरी एकच सांगतो, "डॉक्टर, सलाईन लावा की." पाकिटाला औषध मानायला कुणी तयार नसतं. यंदा मी दाराची आणि किल्लीची गोष्ट सांगून बघितली. एका आजोबांनी सगळी ऐकून घेतली, पाणी प्यायले, आणि जाताना विचारलं, "आता सलाईन कधी?"

त्या रविवारी संध्याकाळी मुलीला फोन केला. "कसला क्लास झाला गं!" ती म्हणाली, "हो, छान होता. पण बाबा, परीक्षेत ओआरएसवर कोण विचारणार? मेंब्रेन ट्रान्सपोर्टचे प्रकार विचारतात, टेबल करून. ते त्यांनी दिलंच नाही." इथे मला पहिल्यांदा जाणवलं की आम्ही दोघं एकाच लिंकवर दोन वेगळे क्लास बघतोय. तिच्याकडे प्रश्नपत्रिका आहे, पेशंट अजून नाहीत. माझ्याकडे पेशंट आहेत, आणि प्रश्नपत्रिकेची भीती जाऊन २७ वर्षं झाली.

तिसऱ्या रविवारी पंप आले. सोडियम-पोटॅशियम पंप पाठ होता, तो पाठच राहिला. खरा आला तो जठरातला ॲसिडचा पंप. ओमेप्राझोल मी दिवसाला किती लिहितो ते मोजत नाही, लाज वाटेल. 'सकाळी उपाशीपोटी' असं सवयीने लिहितो, पेशंट सवयीने जेवणानंतर बाकीच्या गोळ्यांबरोबर घेतो, आणि महिन्याने येऊन सांगतो, गोळी लागू पडत नाही. मॅडमनी दाखवलं की पोट रिकामं असताना पंप पेशीच्या आत पिशव्यांमध्ये गुंडाळून ठेवलेले असतात. खाणं आलं की ते पृष्ठभागावर येतात आणि कामाला लागतात. गोळी रक्तातून येते, ॲसिड वाहत असलेल्या जागीच तिचं खरं औषध तयार होतं, आणि ते चालू पंपाला कायमचं चिकटतं. रक्तातून औषध दोनेक तासांत जवळजवळ गेलेलं असतं. परिणाम मात्र दिवसभर, कारण पेशीला नवे पंप घडवावे लागतात. म्हणून नाश्त्याआधी अर्धा तास: पंप पृष्ठभागावर यायच्या वेळी औषध रक्तात हजर पाहिजे.

हे मला माहीत नव्हतं. मात्रा माहीत होती, वेळ माहीत होती, दुष्परिणाम माहीत होते. आता मी पेशंटला म्हणतो, "पाव्हणा दारात यायच्या आधी आपण दारात उभं राहायचं." निम्म्याहून जास्त लोक तसं घेतातही. साडेसहा हजार तिथेच फिटले, असं मी त्या दिवशी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "पैसे पोरीसाठी भरलेत."

काही रविवार साधारणच गेले. पेशीतल्या अवयवांचा क्लास मॅडमनी घाईने उरकला. त्यात एक गोष्ट लक्षात राहिली. मॅडम मधूनच मराठी शाळेतले शब्द वापरतात. लायसोसोम (पेशीतला कचरा पचवणारी पिशवी) म्हणताना त्या 'लयकारिका' म्हणाल्या आणि स्वतःच थांबल्या. "किती चांगला शब्द आहे बघा. लय करणारी. इंग्रजीत एवढं कळत नाही." माझी दहावी मराठी माध्यमातून झालेली, मला तो शब्द पाठ होता, पण त्याचा अर्थ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. क्लासची भाषा एकूण आपण बोलतो तशीच आहे. समजावणं मराठीत, संज्ञा इंग्रजीतून. विदर्भातल्या आणि खानदेशातल्या मुलींनी चॅटमध्ये ते मुद्दाम लिहिलं होतं की इंग्रजीत तेच ऐकून काही होत नव्हतं.

सहाव्या रविवारी सदाफुली. आमच्या अंगणात आहे, तुमच्याही असेल, देवाला रोज वाहतो. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन निघतं, लहान मुलांच्या ल्युकेमियावरचं औषध. पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणाऱ्या ज्या बारीक नळ्या लागतात, त्या नळ्यांच्या विटांना हे औषध जुळू देत नाही. विभाजन अर्ध्यावर अडतं, पेशी मरते. मॅडम इथवर आल्या आणि म्हणाल्या, "आता सांगा, हे औषध चालू असलेल्या मुलाच्या पायाला मुंग्या का येतात?" कुणालाच येईना. याच नळ्या नसेच्या पेशीत रुळांचं काम करतात. पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारा नसेचा धागा मोठ्या माणसात मीटरभर लांब. माल सगळा कण्याजवळच्या पेशीत तयार होतो आणि रुळांवरून हळूहळू खाली जातो. रूळ उखडले की सगळ्यात आधी उपाशी राहतं ते सगळ्यात लांबचं स्टेशन. म्हणून पाय आधी, हात नंतर.

याच तासात कळलावी पण आली. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलते ती, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची. तिच्यात कोल्चिसिन असतं. तेही त्याच नळ्यांवर काम करतं आणि आपण ते गाउटच्या पेशंटला देतो. सुजेच्या जागी धावत सुटणाऱ्या पांढऱ्या पेशींची धाव मंदावते, म्हणून अंगठ्याचा ठणका कमी होतो. दोन्ही झाडं आपल्या ओळखीची, दोन्ही विषारी. सदाफुलीची पानं साखरेवर चावून खाणारे निदान चार पेशंट माझ्याकडे आहेत. गंमत म्हणजे कॅनडात नोबल आणि बिअर या संशोधकांनी १९५० च्या दशकात या झाडाचा अभ्यास सुरू केला तो मधुमेहाच्या समजुतीवरूनच. साखर काही उतरली नाही, प्राण्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र उतरल्या, आणि त्यातून कॅन्सरचं औषध मिळालं. मी हे त्या चौघांना सांगितलं. दोघांनी पानं सोडली. एक म्हणाला, "मग कॅन्सर तर होणार नाही ना आपल्याला?" आणि दोनाऐवजी तीन पानं खायला लागला.

मी चॅटमध्ये प्रश्न विचारायला लागलो ते याच सुमारास. लॉगिन मुलीचं, म्हणून नाव तिचंच दिसायचं. तिने एकदा चिडून फोन केला, "बाबा, माझ्या नावाने किती विचारता! मैत्रिणी म्हणतात, तू रविवारी एवढी हुशार कशी होतेस?"

डीएनएपासून प्रोटीनपर्यंतचे चार रविवार मी एकत्र सांगतो, कारण मला ते एकत्रच आठवतात. टीबीचा संशयित आला की मी थुंकी सीबीनॅट या यंत्रावरच्या तपासणीला पाठवतो. रिपोर्टमध्ये 'रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड' असं आलं की हुश्श करतो. ते यंत्र नेमकं काय बघतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. रिफॅम्पिसिन टीबीच्या जंतूच्या आरएनए पॉलिमरेझला धरतं, म्हणजे डीएनएवरून नक्कल उतरवून घेणारा कारकूनच पकडतं. आपला कारकून वेगळ्या घडणीचा, तो त्याच्या तावडीत सापडत नाही. जंतूच्या आरपीओबी या जनुकातल्या ८१ अक्षरांच्या तुकड्यात एखादं अक्षर बदललं की कारकुनाचा आकार जरासा बदलतो आणि औषध निसटतं. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या १०० जंतूंपैकी ९५ च्या आसपास जंतूंमध्ये बदल त्या ८१ अक्षरांतच सापडतो. यंत्र तेवढाच तुकडा वाढवून वाचतं, म्हणून दोन तासांत उत्तर येतं. पूर्वी कल्चरसाठी आठवडे थांबावं लागायचं. गोव्याच्या कंपनीचं ट्रूनॅटही याच तत्त्वावर चालतं, बॅटरीवर, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. लोडशेडिंगच्या गावात बॅटरी ही केवढी गोष्ट आहे ते मुंबईच्या मुलांना कळणार नाही. त्या रविवारी आमच्याकडे वीज गेली आणि पीसीआरचा, म्हणजे डीएनएचा तुकडा असा वाढवायच्या पद्धतीचा, अर्धा भाग मी नंतर रेकॉर्डिंगमध्ये बघितला.

रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रोटीन घडवणाऱ्या यंत्राच्या, रविवारी मात्र मी चॅटमध्ये काही लिहिलं नाही.

जंतूंचा रायबोसोम आपल्यापेक्षा लहान आणि वेगळा, म्हणून डॉक्सीसायक्लिन, ॲझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन ही औषधं जंतूला धरतात आणि आपल्याला सोडतात, इथवर ठीक. वेंकी रामकृष्णन यांना २००९ चं नोबेल या रायबोसोमच्या रचनेसाठी मिळालं, हेही ठीक. मग मॅडम म्हणाल्या, "पण तुमच्या पेशीत एक जुना भाडेकरू आहे." तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, मुळात जंतूंच्या वंशातली. तिचं स्वतःचं डीएनए आहे, अवघं १६,५६९ अक्षरांचं, आणि स्वतःचे रायबोसोम आहेत, बरेचसे जंतूंच्या वळणाचे. ती फक्त आईकडून येते. काही घराण्यांत तिच्या डीएनएमध्ये १५५५ क्रमांकाचं एक अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी जी. तेवढ्याने तो रायबोसोम जंतूच्या रायबोसोमसारखा दिसायला लागतो, आणि जेंटामायसिन त्याला जंतू समजून धरतं. कानातल्या नाजूक पेशी जातात. कायमच्या. नेहमीच्या मात्रेत, अगदी थोड्या इंजेक्शनांनीसुद्धा.

आमच्या सुरुवातीच्या काळात जेंटामायसिन म्हणजे हाताशी असलेलं इंजेक्शन होतं. ताप उतरत नाही, लघवीत पू आहे, द्या पाच दिवस. मूत्रपिंडाची काळजी आम्ही घ्यायचो. "आईकडचं कुणी ऐकायला कमी आहे का?" हा प्रश्न मी एकाही माणसाला विचारलेला नाही. कुणाचा कान माझ्या हातून गेला का, ते कळायला आता मार्ग नाही. त्या रात्री जुनी रजिस्टरं काढून बसलो होतो. त्यात नावं आणि रक्कम एवढंच आहे. आता दवाखान्याच्या केसपेपरवर मी एक ओळ छापून घेतली आहे: आई, मामा, मावशी, आजी — बहिरेपण? होय / नाही. कंपाउंडरला वाटतं, मी कानाची मशीन विकायला काढणार.

मुलीला हा क्लास कसा वाटला ते विचारलं तर म्हणाली, "जंतूचा ७० एस रायबोसोम म्हणजे ५० अधिक ३०, पण बेरीज ८० येत नाही, हा एमसीक्यू हमखास येतो." आलाही म्हणे.

आता तक्रारी. सिग्नल ट्रान्सडक्शनचा, म्हणजे बाहेरचा निरोप पेशीच्या आत कसा पोचतो त्याचा, रविवार सपशेल फसला. ४८ स्लाइड, त्या वाचून दाखवल्या. बाणांवर बाण. ज्या बाईंनी कॉलऱ्याच्या एका बटणावर दीड तास खिळवून ठेवलं, त्याच बाई इथे नावांची यादी वाचत होत्या. माझा अंदाज, त्यांना तो भाग आवडत नाही. आवाजाची बोंब आहे. नवाच्या सुमारास त्यांच्या मागे कुणीतरी मिक्सर लावतं, आणि १६ पैकी निदान १० रविवारी लावतं. नोट्सच्या पीडीएफ वाकड्या स्कॅन केलेल्या आहेत, काही पानांवर बोटं दिसतात. प्रॅक्टिकल असं काहीच नाही. जेल इलेक्ट्रोफोरेसिस (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करायची पद्धत) फळ्यावर काढून दाखवलं, तेही चांगलं काढलं, पण निदान एखादा व्हिडिओ दाखवायला हवा होता. शेवटचे तीन रविवार पूर्ण प्रश्नपेढीला वाहिलेले. मुलांना तेच हवं होतं, मला जांभया आल्या.

सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या बाबतीत मी जरा हळवा आहे, म्हणून ही तक्रार वेगळी. बाँडची, म्हणजे एमबीबीएसनंतरची सक्तीची सरकारी, सेवा मी धडगावला केली. नंदुरबार जिल्हा तेव्हा नुकताच, १९९८ मध्ये, धुळ्यातून वेगळा झाला होता. हातापायाचे पंजे सुजलेलं, रडून रडून दमलेलं पोर आई कापडात गुंडाळून आणायची. पहिल्या महिन्यात मी दोघांना संधिवात समजून चुकीचं औषध दिलं. तिथल्या जुन्या नर्सबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, हे सिकल आहे, सलाईन आणि दुखण्याचं औषध द्या." बीटा ग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराची चूक: जीएजी चं जीटीजी होतं, सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन बसतं. एवढ्यावरून ऑक्सिजन कमी झाला की हिमोग्लोबिन दोऱ्यासारखं एकमेकांना चिकटतं आणि लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. मॅडमनी हे नीट सांगितलं. पण २० मिनिटांत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०४७ पर्यंत सिकलसेल संपवण्याची मोहीम काढली. त्याच वर्षअखेरीला अमेरिकेत जनुकांची कात्री वापरून त्यावरच्या उपचाराला परवानगी मिळाली, त्याची तेव्हाची तिथली किंमत २२ लाख डॉलर. महाराष्ट्रातल्या मेडिकलच्या मुलांना यावर एक पूर्ण रविवार मिळायला नको? त्यातली काही त्याच धडगावला, त्याच मेळघाटात आणि गडचिरोलीत बाँड करणार आहेत. सिग्नल ट्रान्सडक्शनचे दोन तास तिकडे द्यायला हवे होते.

आणि सगळ्यात मोठी तक्रार रेकॉर्डिंगची. ती सहाच महिने बघता येतात. मी याकडे लक्षही दिलं नसतं. पण गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला, रात्री साडेदहाला. हल्ली पहिल्या वर्षापासूनच मुलांना थोडा वेळ वॉर्डात नेतात, आमच्या वेळी असं नव्हतं. त्यांची तुकडी बालरोग विभागात गेली होती. ल्युकेमियाचा एक सहा-सात वर्षांचा मुलगा कॉटवरून उतरून बाथरूमकडे निघाला, तर त्याचं पाऊल पुढे फटकन पडत होतं, टाच टेकतच नव्हती. सरांनी विचारलं, असं का चालतो? सगळे गप्प. "बाबा, मला एकदम ते स्टेशन आठवलं. सगळ्यात लांबचं. मी सांगितलं." थोडं थांबून म्हणाली, "तो क्लास मी नीट बघितला नव्हता हो. मोबाइल चालू ठेवून ॲनाटॉमीचं जर्नल पूर्ण करत होते. परत बघायचाय." आम्ही दोघांनी लिंक उघडली. मुदत संपून नऊ दिवस झाले होते.

म्हणून माझं मत असं. शिकवण्याला ५ पैकी साडेचार. आवाज आणि नोट्सला दोन. ज्यांनी पेशंट बघितलेत अशा कुणीही, माझ्यासारख्या जुन्या खोडांनी तर नक्कीच, हा क्लास करावा, पैसे पहिल्या महिन्यात वसूल होतात. पहिल्या वर्षाच्या मुलांनी परीक्षेपुरता करायचा असेल तर एखादं चांगलं गाइड स्वस्तात पडेल. पण या क्लासमधल्या गोष्टी त्यांच्या खऱ्या कामाला येतात त्या वॉर्डात उभं राहिल्यावर, तिसऱ्या-चौथ्या वर्षात. आणि रेकॉर्डिंग तर पहिल्या वर्षातच बंद पडतात. मुदत इंटर्नशिप संपेपर्यंत करा, त्यासाठी हजार रुपये जास्त घ्या, माझी तयारी आहे.

हे सगळं मी मॅडमना, मुलीच्याच लॉगिनवरून, मेसेजमध्ये लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं: "मुदतीचं बघते, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मिक्सर सूनबाईंचा आहे, त्याला इलाज नाही. आणि डॉक्टरसाहेब, चॅटमध्ये तुम्हीच होतात हे मला सातव्या रविवारी कळलं होतं. पहिल्या वर्षाची मुलगी 'माझ्या एका पेशंटला' असं लिहीत नाही."